दोनशे एकोणचाळीस

कुपवाड एमआयडीसी, फाउंड्रीच्या फाटकाला लागून
टाइम ऑफिस: एक खिडकी, एक पंखा, मी.
कॉम्प्युटरवर दोनशे तिसाव्या दिवशी
नाव आपोआप पिवळं होतं,
पिकल्यासारखं.
मग मी यादी काढायची, ठेकेदाराला पाठवायची
आणि दोनशे चाळीसावा दिवस
कुणाच्याही वाट्याला उगवू द्यायचा नाही.

याला आमच्यात ब्रेक म्हणतात.
सायकलला असतो तो वेगळा,
तो चालवणाऱ्याच्या हातात असतो.

दस्तगीर नदाफ, मोल्डिंग, अकरा वर्षं.
अकरा वर्षांत चार ठेकेदार बदलले,
म्हणजे पाट्या बदलल्या;
दस्तगीर त्याच कोपऱ्यात, त्याच वाळूत बसलेला.
पीएफची चार खाती,
एकात नदाफ, एकात नडाफ,
एकात जन्मच दोन वर्षं उशिरा.
"ताई, ह्यातला कुठला दस्तगीर आधी म्हातारा हुणार?"

एकदा डब्याच्या सुट्टीत त्यानं मला वाळू दाखवली.
मुठीत घेतली, आवळली, मूठ उघडली:
चार बोटांचे वळ उठलेले.
"मोडून बघा."
मोडली. तुटली ती सरळ, भुगा न होता.
"पाणी कमी पडलं की ढासळती.
माती जास्त झाली की घट्ट धरून बसती,
वाफेला वाटच देत नाही.
मग लोखंडाच्या पोटात फोड.
वरनं दिसत नाही तो, मशीनवर घेतल्यावर कळतंय."
किती आवळायची, कसं कळतं?
"तळव्याला कळतं. कागदावर येत नाही ते."

मार्चात त्याचं नाव पिवळं झालं.
मी यादी पाठवली.
(माझे त्या दिवशी दोनशे अकरा भरले होते.
तेही मीच मोजते.)

मगदूम शेठ वाईट माणूस नाही.
भाजलेल्या पोराला स्वतःच्या गाडीत घालून
मिरजेला पळवलेलं मी पाहिलंय,
सीटला अजून डाग आहे.
ट्रॅक्टरवाल्यांची ऑर्डर एका फोनवर निम्मी होते,
वीजबिल होत नाही.
"सगळ्यांना कायम केलं आणि भट्टी थंड पडली,
तर पगार कुठल्या साच्यात ओतू, सांग?"
मला उत्तर आलं नाही.
अजून आलेलं नाही.

नवी पोरं आली. चपळ, कानात गाणी.
आठवड्यात मागच्या अंगणात
नापास मालाचा ढीग गुडघ्याएवढा.
शेठ एकेक नग उचलून बोटानं वाजवत होते,
भांड्याच्या दुकानात बायका वाजवतात तसे.
मग खिडकीत येऊन, माझ्याकडे न बघता:
"नदाफला फोन लाव."

फोनमागं मार्केट यार्डाचा गलका, हळदीचा सौदा.
मेहुण्याकडं माथाडीचा बिल्ला:
मालक रोज वेगळा, बिल्ला एकच,
घाम बोर्डाच्या एकाच वहीत साठतो.
मेहुण्याचं गुडघ्याचं दुखणं निघालंय,
म्हणून हा चार दिवस बदली.
खांदे पिवळे झालेत म्हणाला.
मी काही बोलले नाही.

"येतो की ताई. पर ह्या सोमवारी नाही, पुढल्या.
शेठना सांगा, सध्या मीच ब्रेकवर हाय."
हसला. मग आवाज उतरला.
"आणि एक इचारा.
चारी खाती एकात घालून द्या म्हणावं,
आणि बसवून ठेवल्याल्या दिवसांचं निम्मं तरी.
एवढं झालं तर
ऑर्डर नसंल तवा घरी बसायला माझी ना नाही.
कुणी यायला सांगितलं तर यायला बी नाही."

पहिलं वाक्य मी शेठना सांगितलं. ते हसले.
दुसरं कागदावर लिहून त्यांच्या टेबलावर ठेवलं,
वर वजनाला एक नापास नग.
कागद तिथंच आहे. नगही.

पुढल्या सोमवारी दस्तगीर आला.
नवं कार्ड, नवी पाटी,
दिवस: एक.
नखांच्या कडेला अजून हळद.

त्याआधीच्या सोमवारीच माझं नाव पिवळं झालंय.
यादी मीच काढायची असते.
प्रिंटरमध्ये कागद घातलाय,
पंखा त्याचं एक टोक सारखं उचलतो.