वरातीचा वेग

बॉनेट उघडं आहे तीन महिने.
आत चार नट, दोन लोंबते होज,
आणि इंजिन होतं तिथे
नाना पेठेतली दुपार, थेट फरशीपर्यंत.
कय्यूम मिस्त्री त्या भोकात उभे राहून चहा पितात.
म्हणतात, "एवढ्या जागेत माझ्या धाकटीचा संसार मांडता येईल."

गेलं ते मॅटाडोरचं डिझेल.
पेट्रोल भडकलं त्या वर्षी अण्णांनी आकुर्डीहून आणलेलं.
डॉजचं मूळचं, सहा सिलिंडरचं, वजनावर विकलं
आणि त्या रात्री जेवले नाहीत,
एवढंच आई सांगायची.
डिझेलने आमचं पोट भरलं, खोटं कशाला बोलू?
पण त्याच्या हादऱ्यांनी मागच्या सीटवर
लग्न लागून गेल्यावरही नवरीच्या मुंडावळ्या
नको नको म्हणत हलायच्या.

आता नवीन काय घालायचं, यावर ज्याला त्याला मत आहे.
जुन्या बाजारातला तांबोळी म्हणतो, परत मॅटाडोरच घाला, ओळखीचं आहे.
चाकणला क्वालिस ठोकलीय एकाची, इंजिनाला ओरखडा नाही,
मालक मात्र अजून ससूनमध्ये.
कुर्ल्याहून फोन येतो, आठ सिलिंडर, दुबईचा माल,
किंमत ऐकून मी म्हटलं, राँग नंबर.
भाचा सारंग म्हणतो, मावशी, बॅटरीवर कर,
आवाज नाही, धूर नाही.
बरोबरच म्हणतो तो.
मी नुसती मान हलवते, त्या मुंडावळ्यांसारखी.

शेवटी मिस्त्रींनीच विचारलं, "पळवायचीय किती?"

पळवायची?
किंग्जवे घरात आली तेव्हापासून
अण्णांनी तिला कधी पळवलीच नाही.
रास्ता पेठ ते सोमवार पेठ, दीड किलोमीटर, दोन तास.
पुढे बँड, बँडपुढे टॉवेल दातात धरलेले मामे,
पाणी उकळता कामा नये, क्लच जळता कामा नये,
माणूस उलटा चालत नाचतो
त्या वेगाने.
थांबली की मामे फिरून बघायचे
आणि अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

मिस्त्रींनी ग्लास मडगार्डवर ठेवला.
"हे आधी का नाही सांगितलं?
मी आपला हॉर्सपॉवर मोजत बसलो."

दुसऱ्या दिवशी खडकीच्या पुढे, बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यात
पत्र्याच्या खोलीत ते बसलेलं होतं.
आगीच्या पंपाचं इंजिन. त्याच घराण्यातलं,
सहा सिलिंडर, वाल्व्ह बाजूला, अंगभर लाल रंग.
वॉचमन दगडू शेलार म्हणाला,
दर सोमवारी पाच मिनिटं चालू करायचं,
असा साहेबांचा हुकूम.
साहेब गेले, कारखाना गेला, हुकूम राहिला.
आणि आग?
"चाळीस वर्षांत नाही लागली, बाई," तो म्हणाला,
जरा ओशाळून, जणू त्याचाच काही हलगर्जीपणा.

मी जन्मभर हिशेब लिहिले. उभ्याउभ्या गुणाकार केला:
पावणेदोनशे तासही भरत नाहीत.
बाकी सगळा वेळ ते नुसतं तयार होतं.

भाव भंगारवाल्याने ठरवला, मी नाही घासला.
घासायला हवा होता.
बेल हाउसिंग बसेना, भोसरीला फ्लँज कातून आणली,
दोनदा, कारण पहिल्यांदा माप मी चुकीचं सांगितलं.
मिस्त्री म्हणाले, रंग खरवडू, मूळचा करडा मारू.
म्हटलं, राहू दे. बॉनेटखाली कोण बघतंय?

आरटीओचा कागद अजून यायचाय,
म्हणून फक्त गल्लीत, टायरवाल्याच्या दुकानापासून मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत.
अण्णांच्या सीटवर मी, पाठीमागे उशी घेऊन.
पहिला गिअर. पाय सगळ्यावरून उचललेला.
बोनस मागायला साहेबासमोर उभे राहायचो तशी
ती सरकली.

मिस्त्री गाडीपुढे उलटे चालतायत,
दोन्ही हात पसरून, एक चप्पल मागे राहिलेली,
पोरं हसतायत,
आणि ते ओरडतायत, "हळू.
अजून हळू."