वार

कंपनीच्या कागदावर तिचं नाव
आघातशोषक द्रव, श्रेणी सात.
शिवडीच्या गोदीत आम्ही तिला वार म्हणतो.
नाव रोझाबाय कोलासोनं पाडलं.
वसईची. आधी सुईण होती, मग इथे टाक्या धुवायला लागली.
पहिल्यांदा झाकण उघडलं तेव्हा वास घेऊन म्हणाली,
अगं बाई, ही तर वार.
बाळामागून येते ना, ती.

तेव्हापासून माझ्या नोंदवहीत दोन रकाने:
तो वार किती बसले,
ती वार किती लिटर उरली.

यंत्रं तीन मजली. उधाणाच्या रात्री
भिंतीबाहेर कंबरभर खाडीत उभी राहतात
आणि नांगर तुटलेले बार्ज छातीवर घेतात.
आत, पोलादी बरगड्यांमागे, एवढीशी खोली,
खोलीत गळ्यापर्यंत वार,
वारेत माणूस.
बाहेर छातीचा पत्रा चेपतो,
आत कानातली बाळीही हलत नाही.

माझं काम गोटीचं.
हातभर उंच काचेची नळी, तिच्यात वार भरायची,
वरून गोटी सोडायची आणि मोजायचं.
तीनला तळ गाठला तर ताजी.
पाच म्हणजे थकलेली.
सातला मी लाल खडूनं फुली मारतो
आणि ठेकेदाराचा पोरगा अंगठ्यानं ती पुसतो:
अजून एक पाळी निघेल, दिवेकर.

शलाका तांडेल बाहेर यायची ती निथळत, बुळबुळीत,
डोळे मिटलेले.
मी टॉवेल धरायचो.
दर वेळी एकच विचारायची, किती बसले?
अकरा.
मला एकही नाही कळला, म्हणायची
आणि शेडमागे जाऊन
दिव्याच्या खांबावर कोपर आपटायची, हळूच,
नारळ वाजवून बघावा तसं.

वापरलेली वार खाडीत सोडायला मनाई.
ती पिंपांत भरून मागच्या गोदामात.
रात्री दोनच्या सुमाराला ऐकू येतं:
ठक.
आधी वाटलं घुशी असतील.
रोझाबाय म्हणाली, घुशी कसल्या,
घेतलंय ते देणारच ना परत.
पोटात किती दिवस ठेवील?

बारा मेच्या रात्री
सिमेंटचा बार्ज दोघांवर मिळून आला,
तिच्यावर आणि शेजारच्या मुनाफ दळवीवर.
तिची वार त्याच सकाळी बदललेली.
त्याच्या नावापुढे फुली होती.
होती, म्हणजे मी मारलेली.

त्याची वार पिंपात ओतताच आली नाही.
खोबरेल थिजावं तशी थिजली होती, त्याच्यासकट.
मी चमच्यानं थोडी काढली, कोमट करून नळीत भरली,
गोटी सोडली.
ती अर्ध्यावर थांबली. अजून तिथेच आहे.
नळी माझ्या कपाटात, जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली.
ठेकेदाराच्या पोरानं ती तीनदा मागितली.
फुटली म्हणून सांगितलं.

शलाकानं काम सोडलं.
परवा मंगळवारी आली, हातात सतरंजी.
पिंप सत्तेचाळीस कुठलं, विचारलं.
दाखवलं. खडूनं लिहिलेलं तिचं नाव, तारीख बारा मे.
सतरंजी पसरून ती पिंपाला पाठ लावून बसली.
मी चहा आणला. तिनं घेतला नाही,
मग घेतला, गार झाल्यावर.

पावणेचारला आलं.
ठक.
तिचे खांदे जरासे उडाले.

हा माझा?
तुझाच.
एवढासाच?

सगळा एकदम नाही येत, मी म्हटलं,
हप्त्याहप्त्यानं देते ती.

किती वर्षं?
मला कुठलं माहीत. माझी गोटी तेवढं सांगत नाही.

बरं, म्हणाली,
आणि पिंपाला जरा जास्त रेलली.