अर्थिंगचा खड्डा

बुटीबोरीत अकरा वर्षं
माझ्याशी कोणी बोललं नाही.
नकाशा बोलायचा. मेगरचा काटा बोलायचा.
आणि निमजे मिस्त्री, दिवसातून दोनदा:
लॉक लावलं का. लॉक काढलं का.
केबल ट्रेखाली उताणा पडून
मनगटाएवढ्या केबली ओढल्या मी.
त्यांच्या दुसऱ्या टोकाला कोण बसते, विचारलं नाही.

मग सूतगिरणी बंद झाली
आणि मी घरांमध्ये आलो.

आता निळा टी-शर्ट. छातीवर नाव, गजभिये,
बाजूला हसरा चेहरा, तो माझा नाही.
बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या.
सकाळी साडेआठला मानेवाडा रोडच्या ऑफिसात
ढोमणे साहेब, वय सव्वीस, फळ्यावर आकडे लिहितात.
माझं नाव खालून दुसरं.
खालून पहिला सुट्टीवर आहे.
"काका, तुम्ही दुरुस्त करून येता," ते म्हणतात.
"आपल्याला पर्याय द्यायचे असतात."
टॅबमध्ये तीन: सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम.
आधी प्लॅटिनम दाखवायचा,
मग गप्प बसायचं, मनात पाच मोजायचे.
जो आधी बोलला तो हरला.

मे महिना, नंदनवन.
कुमुद हेडाऊ, रिटायर शिक्षिका.
कुलरला हात लावला की झिणझिण्या.
दारातच म्हणाल्या,
"मागचा आला होता त्यानं एका बटणापायी
अख्ख्या घराची वायरिंग काढायला लावली होती.
तू काय विकून राहिला बाप्पा?"

टेस्टर लावला. दिवा पेटला.
पत्रा जिवंत.
पंपाची वायर पाण्यात सोललेली, हे सोपं होतं.
पण पंप खराब झाला म्हणून माणसाला काहून झटका बसावा?
जमीन कुठे गेली होती?

मागे गोडलिंबाखाली सिमेंटचं झाकण.
उचललं. कोळसा, मीठ,
आणि शेहेचाळीस डिग्रीत तडकलेली माती.
"शेवटचं पाणी कधी घातलं होतं?"
"ह्याला पाणी घालायचं असते?"
तुळशीला घालत होत्या, कुलरला घालत होत्या,
फाटकाजवळच्या कुत्र्यांच्या टोपल्यात घालत होत्या.
ह्याचं कोणी सांगितलंच नव्हतं.

तीन बादल्या. माती आवाज करत प्यायली.
जुना पंप होता तसाच ठेवून टेस्टर पुन्हा लावला.
अंधार.
मग पंप बदलला, साडेतीनशे.
टॅब उघडला.
बादलीला कोड नव्हता.

इथवर त्यांचा विश्वास होता.
पंचाईत नंतर झाली,
कारण नंतर मला एक खरं सांगायचं होतं.
बोर्डावर चिनीमातीचे फ्यूज,
एकात तर खिळ्याएवढी तांब्याची तार,
आणि गळती पकडून लाईन तोडणारा स्विच नाहीच.
खड्डा पुन्हा वाळणार. तो स्विच पाहिजेच.
गोल्डमध्ये येते तो.
मी तोंड उघडलं
आणि ढोमणे साहेब बाहेर पडले:
सुरक्षा, कुटुंब, आजच्या आज.
त्याच चाली, तेच थांबे.
बाईंच्या चेहऱ्यावर ते हसू आलं
जे कॉपी पकडल्यावर मास्तरांना येते.

पाच मोजले नाहीत मी.
बिलाच्या पाठीमागं लिहून दिलं:
आरसीसीबी, तीस मिलीअँप. इतवारीत मिळते.
तुम्ही स्वतः घ्या. कोणाकडूनही बसवा. पण बसवा.
शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा.
त्यांनी चष्मा लावून वाचलं,
एक वेलांटी दुरुस्त केली
आणि कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावला,
गॅसच्या नंबराशेजारी.

गल्लीच्या तोंडाशी फोन. "काका, काय झालं? गोल्ड?"
"पाणी घालून राहिलो होतो," मी म्हणालो.
ते पाच मोजत असावेत.

त्या घरी पुन्हा बोलावणं आलं नाही.
दुपारी लू सुटली की
मला तो फ्रिज दिसते, तो कागद.
आणि गोडलिंबाखालची माती,
ती ओली आहे का ते कळत नाही.