हातचा

म्झेविनारने बुटांचं खोकं पुढे सरकवलं,
म्हणाली, सगळं यातच आहे, लामारा, बघ काय जमतंय.
पावत्या, विजेची बिलं, एक तुटका डूल,
अक्रोडाची टरफलं,
आणि कुणीतरी कधीतरी लिहिलेली आभाराची चिठ्ठी.

मी कुताईसीच्या चहा कारखान्यात
एकतीस वर्षं खतावणी लिहिली.
कारखाना बंद पडला तेव्हा शेवटची बाकी मीच काढली:
शून्य, खाली दोन रेघा.
त्यानंतर बोटांना काम नव्हतं.

तिचं काम मीनाकारीचं.
केसाएवढी चांदीची तार वाकवून पक्ष्याची रेघ,
रेघेच्या आत निळी पूड, मग भट्टी,
पुन्हा पूड, पुन्हा भट्टी.
विचारलं, एका पक्ष्याला तास किती?
म्हणाली, पक्षी झाला की कळतं.
म्हटलं, वहीत असा रकाना नसतो.

माझं स्वयंपाकघरातलं घड्याळ तिच्या टेबलावर नेऊन ठेवलं.
नावडत्या पाहुण्याकडे बघावं
तशी आठवडाभर बघायची त्याच्याकडे.
शनिवारी आकडा आला: साडेनऊ तास.
विकत होती साठ लारीला.
तार, पूड, वीज, भाडं वजा जाता
तासाला उरत होते दीड लारी.
दीड लारीत पाव येतो, कालचा.

आणि ती निळी बटणं,
नुक्री जेवणानंतर पेंगत पेंगत करतो ती,
पाहुणे आले की ती फडक्याखाली झाकते ती,
त्या बटणांवर स्टुडिओचं भाडं निघत होतं.
हे सांगितलं तेव्हा हातातला चिमटा ठेवून
ती रिओनी नदीकडे बघत बसली.
मी बसू दिलं. घाई केली नाही.
कारखान्याने तेवढं शिकवलंय.

पक्षी आता एकशे चाळीस.
पहिल्या आठवड्यात एकही गेला नाही.
दुसऱ्यात एक.

मग हॉटेलवाला बादरी. मार्चपासून चौदा लोलक
त्याच्या काचेच्या कपाटात; कपाट रिकामं.
विकले? विकले.
मग? मोसम संपू दे.
म्झेविनार त्याच्या मुलीच्या लग्नात नाचली होती,
तिची जीभ उचलेना.
माझी उचलली.
पिशवीतून मण्यांची लाकडी चौकट काढली,
पर्यटकांच्या देखत मणी ओढत गेले, टक, टक, टक,
आकडे मोठ्याने म्हणत.
नवव्या लोलकाला गल्ला उघडला.
येताना ती म्हणाली, आता तो सणाला बोलावणार नाही.
म्हटलं, बोलावेल, उधारी फिटली की तोंड दाखवता येतं.
अजून तरी बोलावलेलं नाही.

बेरीज करताना मी पुटपुटते:
आठ नि सात पंधरा, हातचा एक.
तिने विचारलं, हातचा जातो कुठे?
पुढच्या घरात.
आणि शेवटच्या घरानंतर?
एकतीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
ती काही न बोलता पूड चाळायला लागली,
बोटं मनगटापर्यंत निळी.

कर पंधरा तारखेला.
चौदाच्या रात्री सगळं जुळलं,
एक पावती सोडून: क्रमांक एकेचाळीस,
चांदीची तार, बेचाळीस लारी.
नुक्रीने भट्टीखाली पाहिलं, तिने साखरेच्या डब्यात.
म्हणाली, राहू दे ना, बेचाळीसच तर आहेत.
मी उठले नाही.
ताळा जमल्याशिवाय मला झोप येत नाही,
यावरून नवऱ्याने एकदा खाट वेगळी घेतली होती.

बारा वाजून गेले. मान अवघडली म्हणून वर पाहिलं.
भट्टीच्या वर, धगीने पिवळा पडलेला कागद,
त्यावर उघडलेला पंख,
एकोणीस पिसं, प्रत्येक पिसाशी तारेचं माप.
टाचणी काढून कोपरा उलटला:
शिक्का, तारीख, बेचाळीस.

टाचणी होती तिथेच परत लावली.
वहीत एकेचाळीससमोर लिहिलं:
भिंतीवर, पंखामागे.
तपासनीस आलाच
तर त्याला मान वर करावी लागेल.