पाच काडतुसं

बँकेच्या गच्चीवरची टाकी रात्रीतून फुटली
आणि अप्पांचा काडतुसांचा पट्टा
सकाळी कपाटातून निघाला
भिजल्या चपलेसारखा जड.

पाच काडतुसं. बारा बोरची, लाल.
बंदूक स्वतःची, लायसन स्वतःचं,
पगार तेवढा बँकेचा.
एकोणीस वर्षांत एकही उडालं नाही.
अशोक चौकात अप्पा म्हणजे
विडी वळणाऱ्या बायांना स्लिप भरून देणारा माणूस,
खांद्याला काहीतरी लटकवलेला.

आईनं ती पाचही
कुरडयांच्या धोतरावर, एका कडेला मांडली.
"चव्वेचाळीस डिग्री हाय. चादर तासात वाळते इथं,
ह्याला काय धाड भरली?"
अप्पा जिना चढून आले, बघितलं,
"काय करलालीस गं!"
आणि तापलेल्या तेलातून भजी काढावी तशी
बोटांच्या टोकांनी एकेक उचलली.
एका कुरडईला लाल रंग लागला होता.
ती कुणी खाल्ली नाही.

नव्या पेठेत दस्तगीरभाईंचं दुकान,
अर्धं शटर खाली.
त्यांनी काडतूस कानाशी हलवलं,
पितळेवरचा हिरवा डाग नखानं खरवडला.
"वाळलं म्हणजे बरं झालं असं नाही, हत्तुरे.
वरनं कोरडं दिसतंय. आत दारूचा गोळा झालाय का,
मला पण दिसत नाही, तुम्हाला पण नाही.
उडालं तर उडालं. नाही उडालं तर बरंच.
वाईट म्हणजे अर्धं उडणं.
नुसतं फुस्स. छर्रा नळीतच अडकतो,
तुम्ही घाईत त्याच नळीत दुसरं घालता
आणि नळी फुटते.
चोराला काही होत नाही."

मग चहा मागवला. चहा येईस्तोवर म्हणाले,
"आणि एक. घोडा दाबला, आवाज आला नाही,
तर लगेच उघडायची नाही.
नळी माणसांपासून लांब धरायची,
तीस आकडे मोजायचे.
काही काडतुसं उशिरा ऐकतात."

नवीन पाचांसाठी अर्ज गेला. शिक्का मिळाला.
मॅनेजर म्हणाले, तोवर कुणाला बोलू नका.
जुनी पाच दस्तगीरभाईंकडं जमा,
अप्पा रिकाम्या बंदुकीनिशी दारात,
पट्ट्याच्या खाचांत
आईनं वळून दिलेल्या कापडाच्या सुरळ्या,
लांबून भरल्यासारख्या दिसाव्यात म्हणून.
त्या महिन्यात ते कधी नव्हे ते
दुपारी स्टुलावर बसायला लागले.

अशाच एका रात्री ताटावर मी सांगितलं,
मामाच्या शिवानंदशी लग्न करणार नाही.
पुण्यात नोकरी लागलीय. सोमवारी जाणार.

आईचा हात तव्यावर थांबला.
अप्पा कडक भाकरी मोडत होते.
तिचा एक आवाज झाला, मग काहीच नाही.
मला विचारायचं होतं, ऐकलंत का.
विचारलं नाही.
पंख्याकडं बघत मनात आकडे धरले.
सात. आठ.
शेजारच्या मागाचा खडखडाट अकराला थांबला,
लाईट गेली असावी तिकडची.
एकोणीस. वीस.
अप्पांनी पाणी प्यायलं.
चोवीस.

"शेंगाचटणी दे," म्हणाले.

मी बरणी पुढं केली.
मोजणं थांबवलं नाही.