समास सोडून

होन्काकोस्कीत तेव्हा उणे अठ्ठावीस.
तलाव गोठलेला. कागद गिरणीच्या धुराड्याची वाफ
खांबासारखी सरळ उभी, हलायला तयार नाही.
आणि तीन नंबरचं यंत्र रोज पहाटे
रीळ बदलताना कागद फाडत होतं.

ऑलिक्की वॅन्स्काने चार रात्री पडद्यासमोर घालवल्या.
पडद्यावर वाचणं म्हणजे
किल्लीच्या भोकातून घर बघणं:
एका वेळी चोवीस ओळी,
पंचविसावी आली की पहिली गेलीच.
पाचव्या रात्री तिने एकच ओळ टंकली, आज्ञेची.
पान आडवं. रकाने दोन.
दर पाचव्या ओळीला आकडा.
डावीकडे समास, पेन्सिल फिरेल इतका.
आणि एंटर.

एवढंसं हत्यार.
त्याला खिडकी नाही, चित्र नाही, बटण नाही.
तुर्कूच्या कुणा विद्यार्थ्याने सुट्टीत लिहून
फुकट वाटलेलं.
पण नजर जुन्या छापखान्यातल्या जुळाऱ्याची:
यंत्राला हुकूम देणारे शब्द ठळक,
माणसांनी माणसांसाठी लिहिलेले तिरपे.
ओळ रकान्यात मावली नाही तर तोडतं,
पण चोरून नाही. वाकडा बाण काढून सांगतं
की बाई, हे खालचं वरचंच आहे.
प्रोग्राम बरोबर की चूक, त्याला कळत नाही.
इस्त्रीवाला कुठे विचारतो,
सदरा लग्नाला की मयताला?

बासष्ट पानं.
गरम, किंचित वाकलेली, गिरणीच्याच कागदावर.

कॅन्टीनमधल्या खुर्च्या टेबलांवर चढवून
तिने ती फरशीवर मांडली, ओळीने,
आणि बूट काढून लोकरी मोज्यांवर
त्यांच्यामधून रांगत राहिली.
स्वयंपाकघरातली सिग्ने झाडू घेऊन आली,
दारातच थांबली, म्हणाली, हे पेरलंय की वाळत घातलंय?
ऑलिक्कीच्या तोंडात पेन्सिल होती.
शिरोरेघ नसलेली ती अक्षरं,
एकमेकांना न धरता, आपापल्या पायांवर उभी;
आणि पहिल्यांदाच सगळी एकदम दिसत होती,
डोंगरावरून गाव दिसावं तशी.

पान एकेचाळीस, उजवा रकाना, तिरप्या अक्षरांत:

इथे दोन सेकंद थांब.
झटक्यानंतर रेइनोचा उजवा हात हळू चालतो.
तो निवृत्त झाला की ही ओळ काढून टाकणे.
ताइस्तो.

ताइस्तोला जाऊन सहा वर्षं.
रेइनोला घरी बसून आठ.
मधल्या काळात यंत्राचा वेग दोनदा वाढवला,
आणि कुणासाठी तरी थांबलेले ते दोन सेकंद
रोज पहाटे रुळांमध्ये कागद सैल सोडत,
मग हिसका.

तिने ओळ काढली. पहाटे रीळ बदललं.
कागद फाटला नाही.
फोरमन म्हणाला, छान, आणि कॉफी ओतून घेतली.

रविवारी ते पान कोटाच्या आत घालून
ती रेइनो आहवेनलाम्पीकडे गेली.
त्याने आधी वाचलं नाहीच.
डाव्या हाताच्या चिमटीत कोपरा चोळला,
खिडकीतल्या उजेडासमोर धरला,
म्हणाला, ऐंशी ग्रॅम. आपलाच.
मग, हा वाकडा बाण कसला?
ओळ मावली नाही, ती म्हणाली, म्हणून खाली चालू.
हं, असं तो म्हणाला.
मग ते तिरपं वाचलं.
पुन्हा वाचलं.
बराच वेळ स्टोव्हमधलं लाकूडच काय ते बोलत होतं.

सांगितलं नाही कधी, तो म्हणाला. गाढव.
मला वाटायचं, मीच सुधारतोय.

मग त्याने तिच्याकडे पेन्सिल मागितली,
उजव्या हातात घेतली, मुद्दाम,
आणि सोडलेल्या त्या समासात
हळू, फार हळू,
शाळेतल्या मुलासारखं जीभ बाहेर काढून लिहिलं:

दोन नाही.
दीड.