आकडा

पलंग जिन्यातून उतरत नाही.
मग वर गेला होता कसा, हा प्रश्न
कुस्तोदियु मामांनी तीनदा विचारला,
दर वेळी माझ्याकडे बघून,
जणू माझ्या जन्माआधी मीच खाली उभी होते
वरच्यांना वाट सांगत.

खोलीत चेस्टनटच्या लाकडाचा वास.
आई खिडकीशी स्टुलावर बसलेली, कोट घालून,
पर्स मांडीवर,
सकाळी सातपासून निघायच्या तयारीत.

पासुश द फरैरात माणसं दोनच जातींची, बाबा म्हणायचे:
खाच कोरणारी,
आणि आकडे विकत आणणारी.
ते पहिल्या जातीतले. पटाशी, सरस, कुसू, पाचर.
'लाकडाला लाकूडच धरतं.
लोखंड नुसतं पकडून ठेवतं, पोलिसासारखं.'
हे सगळं आईच्या देखत.

आई तेव्हा नदीपलीकडच्या कारखान्यात
पलंगाचे आकडे तपासायची.
पोलादाची पट्टी, तिला दोन वाकडे दात,
समोरच्या पट्टीत दोन फटी.
दात फटीत घालायचे, खाली दाबायचं, झालं.
बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही.
दिवसाला नऊशे.
पास झालेल्यावर ती ठसा मारायची, ४१.
आकड्यावरचा तो तिचा आकडा.
नापास झाला, तर ठशावर दोन चरे
आणि पत्र्याच्या पिंपात.

घरी यावरून भांडण कधी झालं नाही.
ती सूप वाढायची.
मीठ मात्र तिच्याच हाताशी असायचं,
बाबांना मागावं लागायचं.

'करवत आण,' मामा म्हणाले,
'आदेरितुचा सांधा आहे,
मेल्याशिवाय सुटायचा नाही.'
मग त्यांनी जीभ चावली, आणि खिशात
उगाच काहीतरी शोधत राहिले.

माझ्या तोमेने आडवी फळी ओढून पाहिली.
मग पाय लावून ओढली.
मग टॉवेल गुंडाळून हातोडा.
भिंतीवरची तसबीर हलली, पलंग नाही.

'ओढताय काय,' आई म्हणाली. 'उचला.'

उचलला.
फळी बोटभर वर आली आणि अलगद
आमच्या हातांत सुटली, झोपलेल्या पोरासारखी जड.

खांबाच्या आतल्या अंगाला
पट्टी. दोन फटी.
फळीच्या टोकाला दोन दात, एक किंचित तिरका,
कानशीने घासून घासून सरळ केलेला.
मी मोबाईलचा उजेड धरला.
४१,
आणि त्यावर दोन चरे.

चारही कोपरे पाहिले. चारही नापास.

मामा पायथ्याशी मटकन बसले.
'आदेरितु?' ते म्हणाले. 'आपला आदेरितु?'
गावभर ज्याने पलंगांच्या खालून हात घालून
लोकांना लाजवलं, तो?

मी आईला विचारलं, तुला ठाऊक होतं?

'पन्नास वर्षं चादर कोण खोचत होतं?' ती म्हणाली.
आणि पर्स या हातातून त्या हातात.

कधी बोलली का नाहीस?

'ते तरी कुठे बोलले?'

जिन्यातून एकेक फळी गेली.
लांब, लांब, आखूड, आखूड,
मामा प्रत्येकीला म्हणत, असा, असा गेला होता तर.
स्क्रू काढून पट्ट्या वेगळ्या करू का, तोमे विचारत होता.
आईने नुसतं बघितलं. त्याने पेचकस खिशात घातला.

रात्री, पोर्तुतल्या माझ्या चौथ्या मजल्यावर,
आम्ही तो परत जोडत होतो.
मला फट सापडेना.
आई बिछान्यांच्या गठ्ठ्यावर बसून, अंधाराकडे तोंड करून:
'डोळ्यांनी शोधू नकोस. ठेव, आणि खाली सोड.
ऐकू येतं.'

टक्.

'आता बस त्यावर,' ती म्हणाली.
'वजन पडलं की घट्ट होतो तो.'
बसले.
कोट तिने अजून काढला नव्हता.